न थांबण्याचा दंड दोन हजार, मग गोळी कशासाठी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘पोलिसाने हात केला, गाडी थांबली नाही, उलट अंगावर आली, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली.’ नाकाबंदीत पोलिसांच्या गोळीने कुणी गेला की पहिल्या दिवसाची बातमी बहुधा याच वाक्यावर उभी असते. वाचणारा हळहळतो आणि लगेच म्हणतो, पण त्याला थांबायला काय झालं होतं? या प्रश्नाला उत्तरं आहेत, ती पुढे येतील. त्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. हात केल्यावर न थांबण्याची कायद्यात शिक्षा काय आहे?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १७९ खाली अधिकाऱ्याचा कायदेशीर आदेश न पाळल्याबद्दल २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी तो ५०० होता. चालक प्यायलेला असेल तर कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. परवाना नसेल तर ५,०००. धोकादायक वाहन चालवल्याबद्दल कलम १८४ खाली पहिल्या वेळी जास्तीत जास्त एक वर्ष कैद. रस्त्यावर अडवलेल्या माणसाच्या हातून साधारणपणे घडणारे गुन्हे हे एवढेच.

आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम ४३ पाहा. अटक कशी करायची ते या कलमात आहे. माणूस अटकेला जोराने विरोध करत असेल किंवा निसटू पाहत असेल तर पोलिसांना आवश्यक ती सर्व साधने वापरता येतात, असं पोटकलम २ सांगतं. गोळीचं समर्थन करणारे इथेच थांबतात. त्याच कलमाचं पोटकलम ४ असं आहे की, ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा मृत्यू घडवण्याचा हक्क या कलमाने कुणालाही मिळत नाही. ही तरतूद काही नवी नाही. १९७३ च्या संहितेत ती कलम ४६(३) मध्ये होती, आणि १८९८ च्या संहितेतही होती. पळणाऱ्याला केवळ पळतो म्हणून मारता येणार नाही, हे परक्या सरकारनेही कायद्यात लिहून ठेवलं होतं.

या अडसरातून वाट काढण्याचा एक मार्ग रूढ झाला आहे. गोळीबार झाला की चालकावर भारतीय न्याय संहितेची तीन कलमं एकदम लागतात: १०९ म्हणजे खुनाचा प्रयत्न, १३२ म्हणजे सरकारी नोकरावर हल्ला, आणि २८१ म्हणजे बेदरकारपणे वाहन चालवणं. त्यातलं १०९ महत्त्वाचं. खुनाच्या प्रयत्नात कुणाला दुखापत झाली तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, म्हणजे कलम ४३(४) ची अट कागदावर तरी पूर्ण होते. हवालदाराच्या गुडघ्याला खरचटल्याचा वैद्यकीय दाखला जोडला की झालं. फिर्यादी पोलीस, तपासी अंमलदार त्याच ठाण्याचा, आणि आरोपी मेलेला. मयत आरोपीवर खटला चालत नाही, त्यामुळे प्रकरण बंद होतं आणि फिर्यादीतली हकीकत कुणीही उलटतपासणी न घेता कायमची खरी ठरते.

म्हणून कोर्टात पहिला मुद्दा हा असतो की गोळी सुटली त्या क्षणी झाडणाऱ्याला काय माहीत होतं. तासाभराने ठाण्यात बसून लावलेलं कलम त्या क्षणाला मागे नेऊन चिकटवता येत नाही.

राहिला स्वसंरक्षणाचा हक्क. तो पोलिसालाही तुमच्या-माझ्याइतकाच आहे. न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ त्याच्यासाठीच आहेत. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तर कलम ३८ प्रमाणे समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. पण कलम ३७ म्हणतं, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. आणि कलम ४० म्हणतं, भीती सुरू झाली की हक्क सुरू होतो आणि भीती संपली की हक्क संपतो. गाडी तुमच्या बाजूने निघून पुढे गेली, तुम्हाला तिचे मागचे लाल दिवे दिसू लागले, की अंगावर येण्याची भीती संपली. त्यानंतर झाडलेली गोळी बचावाची राहत नाही. शिवाय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे स्वसंरक्षण सिद्ध करण्याचा भार ते सांगणाऱ्यावर असतो. अंगावर वर्दी असली म्हणून तो हलका होत नाही.

पोलिसांनी कधीच गोळी झाडू नये असं मला म्हणायचं नाही. गिरगाव चौपाटीची नाकाबंदी मुंबईला विसरता येणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ ची मध्यरात्र उलटून गेली होती. बिनतारी यंत्रणेवरून चांदी रंगाच्या स्कोडाची खबर आली होती. डी. बी. मार्ग ठाण्याच्या पोलिसांनी बॅरिकेड लावून रस्ता अडवला होता. गाडी आली आणि अलीकडेच थांबली. पुढचे दिवे डोळ्यांवर, काचेवर पाण्याचे फवारे आणि वायपर चालू, म्हणजे आत किती जण आहेत ते कळू नये. पोलिसांनी ओरडून सांगितलं, पुढचे दिवे बंद करा, आतला लावा. चालकाने गाडी वळवायचा प्रयत्न केला, ती दुभाजकावर अडकली आणि आतून गोळीबार झाला. पोलिसांनी उत्तर दिलं, त्यात चालवणारा अतिरेकी मेला. दुसऱ्याच्या एके-४७ ची नळी सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हातांनी धरून ठेवली, त्यांच्या हातात तेव्हा काठी होती. कसाब जिवंत सापडला आणि त्याच्यावर खटला चालला. या घटनेत आधी खबर होती, बॅरिकेड होते, गाडी थांबल्यावर स्पष्ट सूचना दिली गेली आणि समोरून हत्यार चालल्यावर गोळी झाडली गेली. कायद्याला अभिप्रेत असलेला क्रम हाच आहे. शहरातला सर्वांत धोकादायक माणूस समोर असताना तो पाळता आला, तर बिनपरवान्याच्या पोरासमोर तो मोडण्याचं कारण उरत नाही.

पोलिसांच्या जिवाला धोका असतो, हेही खरं आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये खारला हेल्मेटवरून अडवल्याच्या रागातून एका वाहतूक हवालदाराच्या डोक्यात मारहाण झाली आणि आठवडाभराने त्यांचा मृत्यू झाला. बोनेटवर पडलेल्या पोलिसाला तसंच पुढे नेल्याच्या बातम्या दर काही महिन्यांनी येतात. पण यातल्या बहुतेक घटनांची सुरुवात एकाच चुकीतून होते: माणूस धावत्या गाडीच्या समोर उभा राहतो. ही चूक कमी करणं आपल्या हातात आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही.

थोडं गणित करू. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. समोर काहीतरी दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत रात्री दीड सेकंद सहज जातो, म्हणजे २५ मीटर. कोरड्या डांबरावर थांबायला आणखी २० मीटर, ओल्यावर ३५. एकूण ४५ ते ६० मीटर. वेग ८० असेल तर कोरड्या रस्त्यावर ७०, पावसात शंभरच्या आसपास. आता झाडाच्या सावलीतून, गडद खाकी कपड्यातला माणूस वीस मीटरवर एकदम पुढे येऊन हात करतो. चालकाने जीव तोडून ब्रेक मारला तरी गाडी त्याच्या पुढे जाऊनच थांबणार. पोलिसाला दिसतं ते एवढंच की गाडी थांबली नाही, अंगावर आली. काचा बंद, एसी चालू, गाणी लावलेली; शिट्टी ऐकूच येत नाही. त्यात समोरचा साध्या वेशात असेल, किंवा गाडीत एकटी बाई असेल आणि रस्ता निर्मनुष्य असेल, तर न थांबणं हा शहाणपणा वाटतो. पावती फाडतील म्हणून पळणारेही आहेतच. पण गाडी न थांबवणारा प्रत्येक जण गुन्हेगार असतो, हे गृहीतच चुकीचं आहे.

म्हणून नाकाबंदी मांडण्याचीही एक पद्धत आहे. ज्या बाजूने वाहनं येतात तिकडे शंभर ते दीडशे मीटर आधी ‘पुढे नाकाबंदी’ अशी चकाकणाऱ्या अक्षरांची पाटी आणि लुकलुकणारा दिवा. मग रस्ता हळूहळू अरुंद करत नेणारे शंकू. त्यानंतर बॅरिकेडच्या दोन ओळी, समोरासमोर न लावता एक डावीकडून आणि एक उजवीकडून, मध्ये आठ-दहा मीटर अंतर, म्हणजे गाडीला नागमोडी जावं लागेल आणि वेग आपोआप दहा-पंधरावर येईल. तपासणारा माणूस बॅरिकेडच्या आड, बाजूला. मार्गिकेच्या मध्यात कधीही नाही. अंगात चकाकणारं जाकीट, हातात लाल प्रकाशाची कांडी. हत्यारबंद अंमलदार तपासणाऱ्याच्या मागे तिरप्या कोनात, म्हणजे त्याच्या नेमाच्या रेषेत आपलाच माणूस येणार नाही. आणि पुढे दोन-तीनशे मीटरवर दुसरी छोटी तुकडी, बिनतारी संचासह. पळालेली गाडी थांबवायची ती इथे किंवा पुढच्या चौकात. हे सगळं असलं की कुणाला कुणाच्या समोर उडी मारावी लागत नाही.

आणि पळालीच, तर पळू द्यावी. हे ऐकायला अनेकांना आवडत नाही, पण नंबर तर समोर असतो. सरकारच्या ‘वाहन’ या नोंदणी प्रणालीत क्रमांक टाकला की मालकाचं नाव आणि पत्ता मिळतो. मोठ्या शहरांत चौकाचौकांत कॅमेरे आहेत, टोलनाक्यांवर फास्टॅगची नोंद पडते. नियंत्रण कक्षाला कळवलं की पुढची नाकाबंदी सावध होते. ज्या गुन्ह्याचं चलान घरी पाठवता येतं, त्यासाठी रस्त्यात माणूस मारायचा, याचं समर्थन कशाने होणार?

गोळीने गाडी थांबते, हा तर सिनेमाने पसरवलेला समज आहे. गाडीचं वजन हजार-बाराशे किलो. चालकाला गोळी लागली की ते वजन वेगासह तसंच पुढे जातं, फक्त आता स्टिअरिंगवर कुणी नसतं आणि पाय बऱ्याचदा अॅक्सिलरेटरवर पडलेला असतो. समोर पोलीस असेल तर तो वाचत नाही आणि पदपथावर झोपलेलाही वाचत नाही. टायरवर मारावी म्हटलं, तर वीतभर रुंदीचं, गरगर फिरणारं लक्ष्य, तेही रात्री. चुकलेली गोळी डांबरावरून उसळी घेते; लागलेली गोळी ट्यूबलेस टायरमधली हवा हळूहळू सोडते आणि गाडी पुढे बरीच लांब जाते. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाची गोळी मोकळ्या जागी दीड किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते. एसएलआर रायफलीची ७.६२ मिलिमीटरची गोळी गाडीचा पत्रा सहज भेदते आणि मागच्या सीटवर कोण बसलंय ते तिला कळत नाही. पुढची काच दोन काचांमध्ये पारदर्शक पडदा घालून केलेली आणि तिरकी असते. तिच्यातून जाताना गोळीची दिशा बदलते, त्यामुळे खांद्यावर धरलेला नेम कुठे लागेल याची खात्री खुद्द नेमबाजाला नसते.

न्यूयॉर्कच्या पोलीस खात्याने हे १९७२ मध्येच ओळखलं. धावत्या गाडीवर गोळी झाडायची नाही. गाडीशिवाय दुसऱ्या कुठल्या साधनाने, म्हणजे बंदुकीने वगैरे, जीवघेणा हल्ला होत असेल तरच, असा नियम त्यांनी केला. फ्रान्सने २०१७ मध्ये उलट्या दिशेने पाऊल टाकलं आणि न थांबणाऱ्या गाडीवर गोळी झाडण्याची मुभा कायद्यात सैल केली. जून २०२३ मध्ये पॅरिसजवळच्या नांतेरला सतरा वर्षांचा मुलगा वाहतूक तपासणीत गोळीने मेला. गाडी पोलिसांच्या अंगावर येत होती, हे पहिलं निवेदन मोबाइलच्या चित्रणाने खोटं पाडलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ह्यूस्टनजवळच्या एका प्रकरणात एकमताने सांगितलं की फक्त गोळी सुटली तो क्षण पाहून चालणार नाही, त्याआधी काय घडलं तेही पाहावं लागेल. तिथे टोल थकलेली गाडी अडवली होती. ती हलू लागताच अधिकाऱ्याने पायरीवर उडी मारली आणि दोनेक सेकंदांत गोळी झाडली. धोका कुणी निर्माण केला, हा प्रश्न आपल्याकडेही इतकाच लागू आहे.

आपल्याकडची दोन प्रकरणं याच पठडीतली आहेत. ३१ मार्च १९९७ ला दिल्लीत बाराखंबा रोडवर भरदुपारी गुन्हे शाखेच्या पथकाने एका मोटारीवर गोळ्या झाडल्या. पथकाला हवा होता उत्तर प्रदेशातला एक गुंड. गाडीत होते व्यापारी. दोघे मेले, तिसरा जखमी झाला. आधी आतून गोळी आली, असं पोलिसांनी सांगितलं आणि गाडीत पिस्तूल सापडल्याचंही दाखवलं. ते नंतर ठेवलेलं होतं, असं न्यायालयाने म्हटलं. एका सहायक आयुक्तासह दहा जणांना २००७ मध्ये जन्मठेप झाली आणि मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ‘वरिष्ठांचा हुकूम होता’ हा कनिष्ठांचा बचावही टिकला नाही. हे प्रत्येक पोलीस प्रशिक्षण केंद्रात शिकवायला हवं, कारण गोळी झाडायला सांगणारा वेगळा असतो आणि तुरुंगात सगळे जातात. मात्र यात चौदा वर्षं गेली आणि तपास सीबीआयकडे होता, हेही लक्षात ठेवायला हवं.

दुसरं प्रकरण लखनौचं, सप्टेंबर २०१८ मधलं. रात्री दीडच्या सुमारास गोमतीनगर विस्तार भागात एका मोबाइल कंपनीचा अधिकारी सहकारी महिलेला घरी सोडायला निघाला होता. मोटारसायकलवरच्या दोन शिपायांनी अडवलं, गाडी थांबली नाही, एकाने समोरून पिस्तूल झाडलं. काच भेदून गोळी हनुवटीजवळ लागली आणि गाडी पुढे जाऊन खांबावर आदळली. शिपायाचं म्हणणं, गाडी अंगावर घातली. सुरुवातीला सहकारी महिलेच्या सहीची जी फिर्याद नोंदवली गेली, तिच्यात शिपायाचं नाव नव्हतं. पत्नीच्या तक्रारीवरून दुसरा गुन्हा दाखल करावा लागला. विशेष पथकाने डिसेंबरमध्ये त्या शिपायावर खुनाचं आरोपपत्र ठेवलं. पहिल्या काही तासांत कागदावर काय उतरतं त्यावर सगळं ठरतं, ते असं.

त्या तासांत काय व्हायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी सोळा निर्देशांत सांगितलं आहे. तो खटला महाराष्ट्र सरकारविरुद्धचाच होता. मुंबईत १९९५ ते १९९७ दरम्यान झालेल्या ९९ चकमकी आणि त्यांत मेलेल्या सुमारे १३५ माणसांबद्दलचा. संविधानाच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे हे निर्देश देशभर कायदा म्हणून लागू आहेत, आणि ते मृत्यूपुरतेच नाहीत. जबर दुखापतीलाही शक्य तितके लागू आहेत. पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला की गुन्हा नोंदवून लगेच न्यायालयाला कळवायचा. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, तोही गोळीबार करणाऱ्या पथकाच्या प्रमुखापेक्षा किमान एक पायरी वरच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयात दोन डॉक्टरांनी करायचं आणि त्याचं चित्रण करायचं. दंडाधिकारी चौकशी प्रत्येक मृत्यूत व्हायलाच हवी. झाडणाऱ्यांनी हत्यारं तपासणीसाठी जमा करायची. नातेवाइकांना लवकरात लवकर कळवायचं. शौर्यपदक आणि बढती लगेच द्यायची नाही. यातलं काही झालं नाही तर घरच्यांनी सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करावी, हाही निर्देशच आहे आणि तो फारच थोड्यांना माहीत असतो.

प्रत्यक्षात कुठे घसरतं ते पुराव्याच्या वस्तूंपासून सांगतो, कारण माणसांचे जबाब बदलतात.

गाडी हा सर्वांत मोठा साक्षीदार. तिला गोळी कुठून लागली हे तीच सांगते. भोक पुढच्या काचेत आहे की डाव्या दारात की मागच्या काचेत? अंगावर गाडी आली म्हणणाऱ्याची गोळी मागच्या काचेतून आत गेलेली असेल, तर त्याची हकीकत तिथेच कोसळते. काचेतलं भोक ज्या बाजूने गोळी बाहेर पडते त्या बाजूला पसरट असतं. काचेतलं भोक आणि सीटमधलं भोक यांच्यातून सरळ कांडी घातली की झाडणारा कुठे, किती उंचीवर उभा होता ते कळतं. पण होतं काय, टोइंगवाला गाडी ओढून नेतो, ठाण्याच्या आवारात ती उघड्यावर पडते, एका पावसात रक्त जातं, तडे गेलेली काच गळून पडते. गाडी हलवण्याआधी जागेवरच चारी बाजूंनी मोजपट्टी ठेवून फोटो काढणं, चाकांच्या खुणा मोजणं, नंतर ताडपत्रीने झाकून मोहोर लावून ठेवणं, एवढं तरी पंचनाम्यात मागून घ्यावं.

पुंगळ्या दुसऱ्या. पिस्तुलातून रिकामी पुंगळी साधारण उजवीकडे, काही फुटांवर पडते. ती कुठे सापडली ते नकाशात मीटरमध्ये दाखवलं तर झाडणाऱ्याची जागा ठरते. ‘घटनास्थळी तीन पुंगळ्या मिळाल्या’ एवढ्याच ओळीला फारशी किंमत नाही. पुंगळ्यांची बेरीज शस्त्रागाराच्या नोंदवहीशी जुळायला हवी: ड्यूटीवर जाताना किती काडतुसं दिली, परत किती आली, कुणाची सही, किती वाजता. ठाणे दैनंदिनीत नाकाबंदीची नोंद किती वाजता पडली, तेही बघावं. गोळीबारानंतर लिहिलेली नोंद शाईवरून नाही, तर आधीच्या आणि नंतरच्या नोंदींच्या वेळांवरून ओळखू येते.

हातावरचे बारुदाचे कण काही तासांतच धुतले जातात, घामानेही जातात. चालकाच्या हाताचे नमुने हटकून घेतले जातात, झाडणाऱ्याचे राहून जातात. जखमेभोवती काळेपणा किंवा गोंदल्यासारखे ठिपके आहेत का, हे शवविच्छेदनात लिहिलं जायलाच हवं. ते असतील तर पिस्तूल हाताच्या अंतरावर होतं. मात्र मध्ये काच असेल तर तेच ठिपके काचेवर राहतात आणि अंगावर दिसत नाहीत. डॉक्टरांना गाडी दाखवलेलीच नसेल तर हा निष्कर्ष चुकतो.

चित्रणाला सर्वांत कमी आयुष्य असतं. दुकानांच्या, सोसायट्यांच्या डीव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर, जुनं चित्रण आठ-पंधरा दिवसांत आपोआप पुसलं जातं. घरच्यांनी रडणं आवरून पहिल्याच दोन दिवसांत आजूबाजूच्या प्रत्येक दुकानदाराला आणि तपासी अधिकाऱ्याला ‘चित्रण जपून ठेवा’ असं लेखी पत्र देऊन पोच घ्यावी. कॉपी काढताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, हॅश क्रमांकासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा क्रमांक), लागतं. नाहीतर खटल्यात ती कॉपी बाजूला पडते.

तक्रारीच्या वाटाही सांगायला हव्यात. ठाण्याने फिर्याद घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे, आणि तिथेही नाही झालं तर कलम १७५ खाली शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे. फिर्यादीची प्रत पीडिताला मोफत मिळण्याचा हक्क आहे आणि नव्वद दिवसांत तपासाची प्रगती कळवणं बंधनकारक आहे. सरकारी नोकरावरचा खटला सरकारच्या परवानगीवाचून अडतो तिथे कलम २१८ आता १२० दिवसांची मुदत घालतं. त्यात निर्णय झाला नाही तर परवानगी दिली असं मानलं जातं. ही सुधारणा खरोखर चांगली आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मधली, पोलिसावर खटला भरण्याची सहा महिन्यांची मुदत मात्र बचाव पक्ष हमखास पुढे करतो, म्हणून कागद वेळेत दाखल व्हायला हवेत. २०१४ च्या दुरुस्तीने आलेलं राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. जबर दुखापत आणि अधिकाराचा दुरुपयोग तिथे मांडता येतो.

एक गोष्ट या सगळ्यातून निसटते. आपल्या रस्त्यावर जीव घेणारं पोलिसी साधन फक्त बंदूक नाही. धावत्या दुचाकीवर फेकलेली काठी, हँडलला घातलेला हात, मारलेली लाथ, चावीसाठी घेतलेली झडप, यांनीही माणूस मरतो. मार्च २०१८ मध्ये तिरुचिरापल्लीजवळ हेल्मेट नसलेल्या जोडप्याच्या दुचाकीला एका निरीक्षकाने लाथ मारली आणि मागे बसलेली बाई पडून मेली. चाळीसच्या वेगात पडलेलं उघडं डोकं दुभाजकावर आपटलं तर वाचणं अवघड असतं, हे हेल्मेट तपासणाऱ्याला सर्वांत आधी माहीत असतं. गोळीचा निदान हिशेब ठेवावा लागतो. काठीचा ठेवावा लागत नाही, आणि म्हणून अशा मृत्यूची नोंद बहुधा ‘तोल जाऊन पडला’ अशी अपघातात होते. दुचाकीस्वार पोलीस अडवत असताना पडून मेला तर त्यालाही गोळीबाराचेच निर्देश लागू करायला हवेत.

गृह विभागाकडे मागणं मोजकं आहे. धावत्या वाहनावर गोळी झाडायची नाही, अपवाद फक्त वाहनाव्यतिरिक्त हत्याराने जीवघेणा हल्ला होत असताना, असा एका पानाचा स्थायी आदेश काढावा आणि तो प्रत्येक नाकाबंदीच्या फौजदाराच्या खिशात असावा. धावत्या दुचाकीला हात, पाय, काठी लावायला त्याच आदेशात मनाई असावी. सशस्त्र नाकाबंदीत किमान एका अंगावरचा कॅमेरा चालू असल्याशिवाय तपासणी सुरू होऊ नये आणि गोळीबार झाल्यास ते चित्रण त्या ठाण्याच्या ताब्यात राहू नये. पोलीस महासंचालकांनी गोळीबारातल्या मृत्यूंचा सहामाही तक्ता राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला पाठवायचा असतो, १५ जानेवारी आणि १५ जुलै या दोन तारखांना. तो तक्ता त्याच दिवशी, जिल्हावार, खात्याच्या संकेतस्थळावर टाकावा. त्यात एक रकाना वाढवावा: मृत व्यक्ती वाहनात होती का, आणि गोळी वाहनाच्या कोणत्या बाजूने आत गेली.

आपला,
फौजदारी न्यायालयात वकिली करणारा एक वाचक, ठाणे